जगापुढे एक सूर, आणि आपल्या गटात?

काटेवाडीत आमच्या बचत गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, की गप्पा निघतात. मे २०२५ च्या अखेरीस अशाच एका बैठकीत एका मावशींनी विचारलं, "हल्ला झाला काश्मीरमध्ये, लढाई झाली पाकिस्तानशी, मग आपल्या खासदार सुप्रियाताई आफ्रिकेत कशाला गेल्या?" प्रश्न साधा होता, पण उत्तर कुणालाच नीट देता येईना. मग आम्ही माहिती गोळा केली. तीच आज तुम्हाला सांगतो. यात कुठल्याही पक्षाचा प्रचार नाही.

२२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळच्या बैसरनमध्ये अतिरेक्यांनी पर्यटकांवर गोळ्या झाडल्या. २६ माणसं गेली. त्यातली सहा आपल्या महाराष्ट्रातली होती, पुणे, डोंबिवली आणि पनवेलची. धर्म विचारून पुरुषांना मारलं, बायकांच्या डोळ्यांदेखत. मेलेल्यांत एक स्थानिक मुसलमान घोडेवालाही होता. ७ मे रोजी भारताने 'ऑपरेशन सिंदूर' करून अतिरेक्यांच्या नऊ ठिकाणांवर मारा केला. त्या सकाळी परराष्ट्र सचिवांच्या शेजारी बसून कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंह या दोघींनी देशाला माहिती दिली, हे तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. १० मे रोजी मारा थांबला.

पण बंदुका थांबल्या तरी बोलण्याची लढाई थांबत नाही. अतिरेकी दोन गोष्टींसाठी मारतात. एक, भीती बसावी. दुसरं, आपली बाजू जगात पसरावी. पाकिस्तान त्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा सदस्य होता, म्हणजे त्याला आपलं म्हणणं मांडायला मोठी जागा होती. भांडणात एकच बाजू चावडीवर बोलत राहिली, तर पंच तिचंच ऐकतात. म्हणून आपल्या सरकारने सात सर्वपक्षीय शिष्टमंडळं परदेशात पाठवायचं ठरवलं. खासदार, माजी मंत्री आणि अनुभवी राजदूत मिळून ५९ जण, आणि ३३ राजधान्या. सात प्रमुखांपैकी दोघे आपल्या राज्यातले होते: सुप्रिया सुळे आणि कल्याणचे खासदार श्रीकांत शिंदे. एक विरोधी पक्षाच्या, एक सत्ताधारी बाजूचे.

सुप्रियाताईंचा गट कतार, दक्षिण आफ्रिका, इथिओपिया आणि इजिप्तला गेला. हेच देश का? इजिप्तच्या कैरोत अरब देशांच्या संघटनेचं मुख्यालय आहे. इथिओपियाच्या अदिस अबाबात आफ्रिकी देशांच्या संघटनेचं आहे. दक्षिण आफ्रिकेकडे त्या वर्षी जी-२० चं अध्यक्षपद होतं. कतार अनेक भांडणांत मध्यस्थी करतं आणि तिथे आपले लाखो लोक कामाला आहेत. म्हणजे एका घरी सांगितलं की चार घरी पोचेल, अशी घरं निवडली होती.

निघण्याआधी परराष्ट्र सचिवांनी शिष्टमंडळांना मुद्दे समजावून दिले. कारण एक गट एक बोलला आणि दुसरा भलतंच बोलला, तर ऐकणारा म्हणेल, यांचंच यांना ठाऊक नाही. बँकेत कर्ज मागायला जाताना आपण अध्यक्ष आणि सचिव आधी आकडे जुळवून घेतो ना, तसंच हे.

ही रीत जुनीच आहे. १९९४ मध्ये जिनिव्हात काश्मीरवरून पाकिस्तानने भारताविरुद्ध ठराव आणला होता. तेव्हा पंतप्रधान नरसिंह राव यांनी शिष्टमंडळाचं नेतृत्व विरोधी पक्षनेते अटलबिहारी वाजपेयींकडे दिलं. शेवटी पाकिस्तानला तो ठराव मागे घ्यावा लागला. २०२५ मध्ये सगळं इतकं सुरळीत झालं नाही. आमची नावं आम्हाला नीट न विचारता ठरवली, अशी तक्रार काही विरोधी पक्षांनी केली. तरीही परदेशात गेल्यावर सगळे एका सुरात बोलले.

आता घरचं सांगतो. हल्ल्यानंतरच्या दिवसांत आमच्याच गटाच्या व्हॉट्सअॅपवर एक मजकूर आला: अमक्या धर्माच्या लोकांकडून काही विकत घेऊ नका. आमच्या बारा जणींत एक मुसलमान मैत्रीण आहे, शिवणकाम करते. पुढच्या बैठकीला ती आली नाही, हप्ता मुलाच्या हाती पाठवला. आम्ही तिच्या घरी गेलो. चहा दिला, पण मान वर केली नाही. मग म्हणाली, "मेसेज टाकणारी एकच होती. पण तुम्ही दहा जणी गप्प बसलात."

मैत्रिणींनो, याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. हिंदू-मुसलमानांत तेढ लावणं हाही हल्ल्याचा हेतू होता, असं परराष्ट्र सचिवांनी ७ मेला स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे अतिरेक्यांना जे हवं होतं, ते काम काटेवाडीत बसून आम्हीच करत होतो. आमचे खासदार परदेशात सांगत होते की भारत एक आहे, आणि इथे आमचा बारा जणींचा गट फुटायला आला होता.

ज्या बाईने तो मजकूर टाकला होता, तिने बैठकीत माफी मागितली. मग आम्ही काही गोष्टी ठरवल्या. आलेला मजकूर कुणी लिहिला आणि कधीचा आहे हे कळल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही. सरकारविषयीच्या बातमीची शंका आली, तर केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेककडे विचारायचं. मृतांचे फोटो आणि हल्ल्याचे व्हिडिओ पाठवायचे नाहीत, कारण त्याने अतिरेक्यांची भीती आपणच घरोघर पोचवतो. सैन्याच्या हालचालीही पाठवायच्या नाहीत. २६/११ च्या वेळी टीव्हीवरचं थेट चित्रण पाहूनच पलीकडचे लोक अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होते. आणि शेवटचं, चुकीचं दिसलं की गप्प बसायचं नाही.

आमची मैत्रीण पुढच्या बैठकीपासून परत येऊ लागली. तुमच्या गटातही कुणी हप्ता दुसऱ्याच्या हाती पाठवत असेल, तर एकदा तिच्या घरी जाऊन या.