रिकामी बाटली कुठे टाकायची?

भारतात असताना आपल्या घरातून कचरा फारसा निघतच नसे. वर्तमानपत्रे रद्दीवाला नेई, जुन्या कपड्यांवर बोहारीण भांडी देई, रिकाम्या बाटल्या भंगारवाला विकत घेई. कोकणातल्या घरी भाजीची देठे गुरांपुढे आणि सांडपाणी माडाच्या मुळाशी जाई. वाया घालवू नये, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण इथे रद्दीवाला दारात येत नाही. त्याच्या जागी रंगीत डबे उभे आहेत. कोणत्या डब्यात काय टाकायचे हे नीट कळत नाही, म्हणून आपल्यापैकी पुष्कळजण सगळे एकाच पिशवीत बांधून टाकतात.

ही पिशवी जाते कुठे? पूर्वी आलेल्या मंडळींना तेल अवीवजवळचा हिरियाचा डोंगर आठवत असेल. 1952 ते 1998 पर्यंत तिथे कचरा साठत गेला आणि डोंगर सुमारे 60 मीटर उंच झाला. त्यावर घिरट्या घालणाऱ्या पक्ष्यांचा विमानांनाही धोका होता. आज तिथे आरिएल शारोन पार्क आहे. पण कचरा थांबलेला नाही. देशाच्या मध्य भागातला बराच कचरा ट्रकांनी नेगेवमध्ये नेऊन पुरतात. बेर शेवाजवळचे दुदाईम हे त्यांतलेच एक ठिकाण. बेर शेवा, दिमोना, येरुहाम इथे आपलीच माणसे राहतात, हे विसरू नये.

आता डब्यांचे रंग पाहू. गावोगावी थोडा फरक असतो, पण साधारण रीत अशी :

कातोम, म्हणजे नारिंगी : दह्याचे रिकामे कप, शांपूच्या बाटल्या, पत्र्याचे डबे, दुधाची खोकी. साबणाने धुवायची गरज नाही, आतले रिकामे केले की पुरे.

काहोल, म्हणजे निळा : वर्तमानपत्रे, वह्या, कागद. पुठ्ठ्याची खोकी चपटी करून वेगळ्या जाळीच्या पिंजऱ्यात टाकावीत. मात्र फाटलेले सिद्दूर किंवा देवाचे नाव असलेला कागद इथे टाकू नये. तो सिनेगॉगमध्ये गेनिझासाठी द्यावा.

सागोल, म्हणजे जांभळा : लोणच्याच्या, मुरंब्याच्या काचेच्या बरण्या. फुटलेले पेले आणि बशा यात चालत नाहीत.

जुनी औषधे फार्मसीतल्या पेटीत द्यावीत. तळणीचे उरलेले तेल मोरीत ओतू नये, नळ तुंबतो. थंड झाल्यावर जुन्या बाटलीत भरून, झाकण लावून साध्या कचऱ्यात टाकावे.

पिकादोनच्या, म्हणजे अनामतीच्या बाटल्यांची गोष्ट वेगळी. 2001 पासून लहान बाटल्या आणि कॅन यांवर अनामत आहे. डिसेंबर 2021 पासून दीड लिटरच्या आणि त्याहून मोठ्या बाटल्यांवरही ती आली. आता एका बाटलीचे 30 अगोरोत परत मिळतात. दुधाच्या बाटल्यांना हा नियम नाही. मोठ्या सुपरमार्केटात बाटल्या घेणारे यंत्र असते. बाटली चेपू नये आणि लेबल काढू नये, नाहीतर यंत्र ती परत करते.

आमच्या इमारतीत खरी अडचण जिन्याची होती. डबे रस्त्याच्या टोकाला, आणि आम्हा म्हाताऱ्यांचे गुडघे दुखरे. दोन पिशव्या घेऊन चार मजले उतरायचे कसे? शेवटी वाद बायितच्या बैठकीत मी विषय काढला. जिन्याखाली एक मोठी टोपली ठेवली. ज्याने त्याने पिकादोनच्या बाटल्या तिथे ठेवायच्या आणि शुक्रवारी सकाळी शाळेला सुट्टी असलेल्या मुलांनी त्या नेऊन द्यायच्या. शंभर बाटल्यांचे 30 शेकेल होतात. त्या पैशांतून दाराशी दोन कुंड्या आल्या. पण मोठा फायदा निराळाच झाला. वरच्या मजल्यावरच्या इथिओपियन कुटुंबाशी आणि समोरच्या रशियन बाईंशी वर्षानुवर्षे फक्त "शालोम" होते, आता टोपलीपाशी दोन शब्द बोलणे होते. एका बाईंच्या बाटल्या दोन आठवडे दिसल्या नाहीत, म्हणून मुलांनी दार ठोठावले. त्या तापाने पडून होत्या.

आपल्या गल्लीत डबा नसेल किंवा भरून वाहत असेल, तर 106 वर फोन करून इरियाला कळवा. हिब्रू अडत असेल तर नातवंडांना सांगा. टोपली मात्र आपणच ठेवू या.