थोरला उंदीर, धाकटा उंदीर

मराठीत उंदीर एकच. घूस वेगळी, चिचुंद्री वेगळी. पण इंग्रज ज्यांना रॅट आणि माऊस अशी दोन नावे देतो, त्या दोघांनाही आपण उंदीरच म्हणतो. गणपतीच्या पायाशी बसलेला यांतला कोणता, याची चौकशी आपण कधी केली नाही. प्रयोगशाळेत मात्र हे दोन निरनिराळे प्राणी आहेत, आणि एका द्रावकाच्या खटल्यात तर त्यांनी परस्परविरुद्ध साक्षी दिल्या.

द्रावकाचे नाव टू-मेथॉक्सिइथेनॉल. रंगहीन, सौम्य वासाचे, पाण्यात सहज मिसळणारे. व्हार्निशात, छपाईच्या शाईत ते असे. विमानाच्या इंधनात बर्फ धरू नये म्हणूनही घालीत. पुढे संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यांत त्याचा शिरकाव झाला. सिलिकॉनच्या चकतीवर द्यायचा प्रकाशसंवेदी लेप अशा द्रावकांत विरघळवीत.

१९७९ साली जपानी संशोधकांना दिसले की या द्रावकाने धाकट्या उंदरांची वृषणे आक्रसतात. १९८३ मध्ये अमेरिकेतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. थोरले उंदीर आणि ससे यांना दिवसाचे सहा तास, आठवड्याचे पाच दिवस, तेरा आठवडे या द्रावकाच्या वाफेत ठेवले होते. अगदी कारखान्याच्या पाळीसारखे! हवेच्या दहा लाख भागांत वाफेचे तीनशे भाग असताना वृषणे तर लहान झालीच. शिवाय रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या आणि थायमस ही छातीच्या हाडामागची ग्रंथीही रोडावली. रोगाशी लढणाऱ्या टी पेशी याच ग्रंथीत तयार होतात.

अशा प्रयोगाची रीत साधी आणि निर्दय आहे. शेवटी प्राणी मारायचा, यकृत, प्लीहा, थायमस काढून तोलायचे आणि स्वच्छ हवेत वाढलेल्या उंदरांच्या अवयवांशी वजने ताडून पाहायची. जन्मभर ताळेबंद तपासलेल्या माझ्यासारख्याला ही रीत ओळखीची वाटते, आणि तिची मर्यादाही. शिल्लक घटली एवढे कळते. व्यवहार अडला का, ते कळत नाही.

ते पाहिले अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेतील शास्त्रज्ञांनी, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला. उंदरांना द्रावक पाजले, मग शरीराला परका असा पदार्थ टोचला आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडे किती तयार होतात ते मोजले. थोरल्या उंदरांची प्रतिपिंडे घटली. धाकट्यांची घटली नाहीत. आणखी एक उलगडा झाला. शरीरात दारू पचवणारे जे विकर असते, तेच या द्रावकाचे रूपांतर सुरू करते आणि अखेर त्यातून मेथॉक्सिअ‍ॅसेटिक आम्ल बनते. ते विकर औषधाने रोखले की थोरल्या उंदराची प्रतिकारशक्ती शाबूत राहते. म्हणजे खरा अपराधी ते आम्ल.

आता माणसाने कोणाची साक्ष मानावी? कारखानदाराच्या वकिलाला धाकटा जवळचा वाटेल. मला वाटत नाही. हे आम्ल थोरल्या उंदराच्या शरीरात निम्मे व्हायला सुमारे वीस तास लागतात. माणसाच्या शरीरात सुमारे सत्त्याहत्तर. शुक्रवारी संध्याकाळी कामगाराच्या अंगात असलेल्यापैकी निम्म्याहून अधिक आम्ल सोमवारी सकाळी तो कामावर येतो तेव्हाही अंगातच असते. त्यावर नव्या आठवड्याची भर.

ही चर्चा केवळ उंदरांची नव्हती. १९८४ मध्ये गाभण सशांवरचे निष्कर्ष आले होते: दहा लाखांत अवघे पन्नास भाग वाफ, आणि पिल्लांत व्यंगे. १९८८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील एका चिप कारखान्यातल्या स्त्रियांच्या पाहणीत गर्भपातांचे प्रमाण जास्त आढळले. १९९२ मध्ये आणखी दोन मोठ्या पाहण्यांनी तेच दाखवले आणि बोट ठेवले ते याच कुळातल्या द्रावकांवर. त्यानंतर अमेरिकी चिप कारखान्यांतून ती द्रावके हटवण्यात आली. थोरल्या उंदराची साक्ष तेव्हा नऊ वर्षांची जुनी झाली होती.