धनेशाची चोच आणि दादाचं पातं

आमच्या घरात दादा मेकॅनिकलचा आणि मी साहित्याची. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर त्याने गच्चीवर छोटी पवनचक्की उभी केली. पीव्हीसी पाइप कापून केलेली एकेक मीटरची तीन पाती आणि भंगारातली एक मोटर. एका रविवारी मिस्सा करून घरी आलो, तर एक पातं मुळाशी मोडून कुंड्यांत पडलेलं. दादाचं तोंड उतरलं. धीर द्यावा म्हणून मी म्हटलं, "पुढचं पातं पक्ष्याच्या हाडासारखं कर की. हलकं आणि मजबूत!"

दादा म्हणाला, "किती हलकं? कुठं मजबूत? ते सांग की."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. उपमा देऊन मोकळं व्हायची आपली सवय. त्या प्रश्नामागे लागून जे समजलं, ते इथे मांडते.

आधी पातं मुळाशीच का मोडलं ते बघू. पाण्याने भरलेली कळशी हात सरळ पुढे करून धरून बघा. मनगटाआधी खांदा बोंबलतो. कारण वजन आधारापासून जितकं लांब, तितका ते आधाराशी जास्त वाकवतं. इंजिनिअर याला बेंडिंग मोमेंट म्हणतात. वारा पात्याला टोकापासून मुळापर्यंत मागे रेटत असतो आणि त्या सगळ्याचा हिशेब मुळाशी चुकता होतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की हा रेटा चौपट. दादाने नेमकं तिथेच बोल्टसाठी भोकं पाडली होती. म्हणजे ताण सगळ्यात जास्त तिथेच माल सगळ्यात कमी. शिवाय भोकाच्या कडेशी ताण एकवटतो, तडा तिथूनच सुरू होतो.

आता कवटीकडे येऊ. आजीचा अडकित्ता आठवा. सुपारी बिजागरीजवळ सरकवली की पटकन फुटते, टोकाशी ठेवली तर फुटत नाही. जबड्याचंही तसंच. कुत्रं कडक हाड समोरच्या दातांनी फोडत नाही, मान वाकडी करून दाढेखाली घेतं. दाढ सांध्याच्या जवळ, म्हणून तिथे जोर जास्त. कळशी, अडकित्ता, पातं आणि जबडा यांचं गणित एकच आहे. गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या शेवटच्या मोठ्या ग्रंथात भिंतीतून बाहेर आलेली तुळई आणि प्राण्यांची हाडं या दोन्हींचा विचार केला होता, तो उगीच नाही.

मग "हलकं आणि मजबूत" कसं जमतं? दांडेलीला गेला असाल तर धनेश पाहिलाच असेल. एवढी मोठी चोच घेऊन तो उडतो कसा? महाधनेशाच्या चोचीवर बाहेरून केराटिनचं, म्हणजे आपल्या नखांच्याच द्रव्याचं, कवच असतं. आत स्पंजसारखं जाळीदार हाड, बहुतेक पोकळच. कॅलिफोर्नियात सॅन दिएगो इथल्या संशोधकांनी टूकन आणि धनेश यांच्या चोची तपासून ही सँडविचसारखी रचना समजावून दिली आहे.

सँडविचचा फायदा आकड्यांत बघा. एक इंच जाडीची फळी घ्या. तीच उभी चिरून अर्ध्या इंचाच्या दोन करा आणि मध्ये एक इंच हलका फोम चिकटवा. लाकूड तेवढंच, पण वाकायला होणारा विरोध सुमारे सात पट! मधली जागा तीन इंच केली तर हिशेबाने सदतीस पट. वाकताना एक बाजू ताणली जाते, दुसरी दाबली जाते, मधल्या भागाला फारसं काम नसतं. म्हणून माल बाहेर, पोकळी आत. मोठ्या पवनचक्क्यांच्या पात्यांतही फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये फोम किंवा बाल्सा लाकूड भरतात ते यासाठीच.

म्हणजे माझी उपमा बरोबर निघाली? थांबा. सुतार पक्ष्याचं काय झालं ते ऐका. त्याची कवटी धक्का शोषून मेंदू वाचवते, असं कित्येक वर्षं सांगितलं जायचं. त्यावरून हेल्मेटच्या कल्पनाही निघाल्या. २०२२ मध्ये अँटवर्प विद्यापीठाच्या सॅम व्हान वासेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी सुतार पक्ष्यांचं वेगवान चित्रीकरण करून मोजमाप केलं. कवटी धक्का शोषत नव्हती. ती चक्क ताठ हातोडीसारखी वागत होती. हातोडीला स्प्रिंग लावली तर खिळा ठोकला जाईल का? मेंदू सुरक्षित राहतो तो मुख्यतः लहान असल्यामुळे. गोष्ट सुंदर होती, पण मोजल्यावर टिकली नाही.

म्हणून आज कवटी आणि पातं दोन्ही एकाच पद्धतीने तपासतात. आकाराचे संगणकावर हजारो बारीक तुकडे करायचे, प्रत्येकावर किती ताण येतो ते काढायचं. याला फायनाइट एलिमेंट पद्धत म्हणतात. २००१ मध्ये एमिली रेफील्ड यांनी ॲलोसॉरस या डायनासोरची कवटी अशी तपासली. चावताना लागेल त्यापेक्षा ती कितीतरी भक्कम निघाली. ते का, यावरून मग वाद सुरू झाले.

आणि एका जागी उपमा पार तुटते. हाड जिवंत असतं. जिथे ताण पडतो तिथे ते जाड होतं, बारीक तडे स्वतः बुजवतं. पात्याला ते जमत नाही. मिनिटाला ३०० फेरे धरले तर पातं दिवसात ४ लाख ३२ हजार वेळा फिरतं, आणि दर फेऱ्यात त्याचं स्वतःचं वजन त्याला एकदा इकडे, एकदा तिकडे वाकवतं. त्याचा थकवा साठत जातो. म्हणून हाड जे नंतर करतं, ते इंजिनिअरला आधीच करून ठेवावं लागतं.

दादाने नवी पाती लाकडाची केली, मुळाशी जाड, टोकाकडे पातळ. मुळं प्लायवुडच्या दोन चकत्यांमध्ये घट्ट आवळली. फोम नाही, कारण मीटरभराच्या पात्याला तेवढा खटाटोप नको, असं त्याचं म्हणणं. म्हणजे माझी उपमा अर्धीच कामाला आली. जाडी कुठे द्यायची ते हाडाकडून घेतलं, पोकळी सोडून दिली.

पाती अजून फिरतायत. आता कवितेत मी "हाडासारखं" लिहिलं की दादा विचारतो, "कुठल्या बाबतीत?" आणि मला थांबून विचार करावा लागतो.