गर्भवतीच्या मनाचीही काळजी

परभणी जिल्ह्यातील पूर्णा हे रेल्वे जंक्शनचे गाव. येथे काय किंवा अन्यत्र काय, गर्भवतीचा रक्तदाब व वजन पाहिले जाते; मनाची विचारपूस मात्र राहून जाते. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारी उदासी, निद्रानाश, जगणे नकोसे होणे ही नैराश्याची लक्षणे होत. त्यांना डोहाळे समजू नये.

सौम्य आजारात समुपदेशन व घरच्यांचा आधार बहुधा पुरतो. तीव्र आजारात औषध आवश्यक ठरते. दिवस राहिल्याचे कळताच चालू गोळ्या एकाएकी थांबविल्यास आजार उलटू शकतो. उपचाराविना राहिलेल्या नैराश्यात मातेच्या आहाराची आबाळ होते व अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा धोका वाढतो. सर्ट्रालीनसारखे औषध वैद्यकीय देखरेखीखाली गर्भवतीस देता येते. नवजात बालकात काही दिवस अस्वस्थता वा थरथर दिसल्यास ती बहुधा ओसरते. व्हॅल्प्रोएट हे अन्य मनोविकारांतील औषध मात्र गर्भास अपायकारक आहे. म्हणूनच औषध सुरू करणे, बदलणे वा थांबविणे हे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावे.

2022 साली सुरू झालेल्या टेलिमानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. पंचायत सदस्य व शिक्षकांनी ही माहिती घरोघरी पोहोचविल्यास माता व बालक दोघांचेही हित साधेल.