खोटा गोळीबार, खरे कान

बाभुळगाव तालुक्यातल्या रस्त्यांवर पहाटे अंधारातच धावणारी पोरं दिसतात. कुणी पोलीस भरतीची तयारी करतो, कुणी अग्निवीरची. सोळाशे मीटर किती मिनिटांत झाले, यावर त्यांच्या गप्पा चालतात. हीच पोरं रात्री जेवणं आटोपली की मोबाइल घेऊन बसतात. चौघांचं स्क्वॉड तयार होतं, कानात इअरफोन जातात आणि पडद्यावर दुसरीच लढाई सुरू होते. आई आतून तिसऱ्यांदा विचारते, “काहून रे, ऐकू येत नाही काय?” त्या वेळी त्याला खरोखरच ऐकू येत नसतं. तो शत्रूच्या पावलांचा कानोसा घेत असतो.

लष्करी थाटाच्या नेमबाजीच्या खेळांची चर्चा आपल्याकडे बहुधा व्यसन, अभ्यास आणि डोळे यांच्याभोवती फिरते. सप्टेंबर 2020 मध्ये ‘पबजी मोबाइल’वर बंदी आली, जुलै 2021 मध्ये तोच खेळ ‘बीजीएमआय’ या नव्या नावाने परतला. तेव्हाही बोलणं झालं ते वेळेचं आणि सवयीचं. जागतिक आरोग्य संघटनेनेही खेळावरचा ताबा सुटण्याला आजारांच्या यादीत स्थान दिलं आहे. ही यादी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. कानाकडे मात्र फारसं कुणी पाहिलं नाही.

या खेळात कान हे अर्धं हत्यार असतं. पाऊल डावीकडून वाजलं की उजवीकडून, वरच्या मजल्यावर की खाली, हे ज्याला आधी कळतं तो वाचतो. पावलांचा आवाज अगदी हळू असतो. तो टिपण्यासाठी खेळणारा आवाज वाढवतो. पण त्याच आवाजावर पुढच्या क्षणी बंदूक धडाडते, हातबॉम्ब फुटतो. पावलांसाठी वाढवलेला आवाज स्फोटासाठीही तेवढाच वाढलेला असतो.

जानेवारी 2024 मध्ये ‘बीएमजे पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात या विषयावरचा एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात 14 अभ्यासांमधल्या 50 हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली होती. एका अभ्यासात नेमबाजीच्या चार खेळांचा हेडफोनमधला सरासरी आवाज 85 ते 91 डेसिबलच्या दरम्यान भरला. खेळताना मध्येच उसळणारे आवाज 119 डेसिबलपर्यंत गेल्याचीही नोंद आहे. ही मोजमापं सगळी मोबाइलवरची नाहीत. मोबाइलवर खेळण्याचा सरासरी आवाज याच आढाव्यात 43 डेसिबलच्या आसपास आहे. म्हणजे मोबाइल हातात घेतला की कान गेला, असं मुळीच नाही. आवाज किती ठेवला आणि किती वेळ, यावर सगळं अवलंबून आहे.

इथे डेसिबलचा हिशेब समजून घ्यावा लागतो. ही मोजपट्टी फूटपट्टीसारखी सरळ नाही. आवाज तीन डेसिबलने वाढला की कानावर आदळणारी ऊर्जा दुप्पट होते आणि ऐकण्याचा सुरक्षित वेळ निम्म्यावर येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने 80 डेसिबलचा आवाज आठवड्यात 40 तासांपर्यंत ऐकायला हरकत नाही. 83 डेसिबलला हा वेळ 20 तास होतो, 86 ला 10 आणि 89 ला अवघे पाच. पाच तास म्हणजे दिवसाला पाऊण तासही नाही. मुलांसाठी मर्यादा आणखी कडक आहे, 75 डेसिबल आणि 40 तास. ‘बीजीएमआय’मध्ये 18 वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे. आठवड्याचे होतात 21 तास. तेवढा वेळ खेळायचं तर मुलाच्या कानातला आवाज 78 डेसिबलच्या पुढे जाता कामा नये. खेळ वेळ मोजतो, पण आवाजाचं बटण मुलाच्याच हातात असतं.

जास्त आवाजाने कानात नेमकं काय होतं? आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखा वेटोळा भाग असतो. त्यात केसांसारखे बारीक तंतू असलेल्या सुमारे 15 हजार पेशी असतात. आवाजाच्या लहरींनी हे तंतू हलतात आणि त्यातून मेंदूकडे संदेश जातो. मोठा आवाज सतत आदळला की या पेशी थकतात, मग मरतात. कोंबडीच्या कानात अशा पेशी पुन्हा उगवतात, माणसाच्या नाही. गेल्या त्या कायमच्या.

सुरुवातीला हे लक्षातही येत नाही, कारण आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज. माणूस बोलतोय हे कळतं, पण स, श, फ यांसारखी अक्षरं पुसट होतात. बाजाराच्या गलक्यात ‘साठ’ म्हटलं की ‘आठ’ यातला फरक लागत नाही. खेळ संपल्यावर कानात शिट्टी वाजत राहणं किंवा कापूस कोंबल्यासारखं वाटणं हा पहिला इशारा असतो. सकाळपर्यंत ते थांबतं, म्हणून दुर्लक्ष होतं. रोज असंच होत राहिलं, तर एके दिवशी ते थांबत नाही.

पहाटे धावणाऱ्या पोरांसाठी हा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. सैन्याच्या वैद्यकीय तपासणीत दोन्ही कानांनी नीट ऐकू येणं आवश्यक असतं. एनडीएच्या निकषांत तर उमेदवाराला पाठ करून उभं करतात आणि सुमारे सहा मीटरवरून केलेली कुजबुज प्रत्येक कानाने वेगवेगळी ऐकू यावी लागते. खऱ्या रायफलचा आवाज 140 डेसिबलच्या वर जातो, म्हणून सरावाच्या वेळी कानांना संरक्षण देतात. तरीही अमेरिकेत निवृत्त सैनिकांना ज्या त्रासांसाठी भरपाई मिळते, त्यांत कानातल्या शिट्टीचा क्रमांक सर्वांत वर आहे. खरा सैनिक कान झाकतो आणि पडद्यावरचा सैनिक आवाज वाढवतो.

खेळ बंद करा, असं सांगून फारसं काही साधत नाही. त्यापेक्षा काही सोप्या गोष्टी पाळता येतात. फोनचा आवाज कमाल पातळीच्या साठ टक्क्यांखाली ठेवावा. खेळाच्या सेटिंगमध्ये आवाज कमी करण्याची सोय असते, ती वापरावी. अनेक फोनमध्ये हेडफोनचा आवाज एका मर्यादेवर अडवून ठेवता येतो, पालकांनी ते एकदा मुलासोबत बसून करावं. बाहेर डीजे किंवा मळणीयंत्र सुरू असेल तर त्यावर मात करायला आवाज नकळत वाढतो. अशा वेळी इअरफोन काढून ठेवलेला बरा. दर सामन्यानंतर पाच-दहा मिनिटं कानांना विश्रांती द्यावी.

शिट्टी दोन दिवसांनंतरही थांबली नाही, किंवा एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं, तर घरगुती तेल घालून वाट पाहू नये. अचानक आलेल्या बहिरेपणात पहिले काही दिवसच उपचारांचे असतात. बाभुळगावकरांसाठी यवतमाळचं श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या कान-नाक-घसा विभागात दाखवता येतं. श्रवणतपासणी वेदनारहित असते आणि अर्ध्या तासाच्या आत होते. भरतीच्या तयारीला लागलेल्या मुलाने धावण्याचा वेळ मोजण्याआधी एकदा ही तपासणी करून घेतली, तर दोष असल्यास तो वेळेत कळेल. निदान उरलेलं ऐकू येणं तरी सांभाळता येईल.