एकाच इमारतीत तीन धंदे: ओसाकाच्या ‘आबेनो हारुकास’कडून काय शिकायचं?



गाळ्याचं भाडं चोवीस तासांचं भरावं लागतं, पण गिऱ्हाईक किती तास येतं? साठवलेले पैसे डिपॉझिटमध्ये घालण्याआधी हा प्रश्न विचारायलाच हवा. तो नीट समजण्यासाठी आज एक मोठं उदाहरण बघूया.

जपानमधल्या ओसाका शहरात ‘आबेनो हारुकास’ नावाची ६० मजली, ३०० मीटर उंच इमारत आहे. ती ७ मार्च २०१४ रोजी पूर्णपणे सुरू झाली आणि बरीच वर्षं जपानमधली सर्वात उंच इमारत होती. पण आपल्याला उंचीशी काय करायचंय? आत काय आहे ते बघा. तळघरापासून १४व्या मजल्यापर्यंत डिपार्टमेंट स्टोअर, १६व्या मजल्यावर कलादालन, त्याच्या वर ऑफिसं, त्याहून वर हॉटेल आणि ५८ ते ६० या मजल्यांवर शहर बघण्यासाठी गॅलरी.

१. वेळ वाटून घेतली
ऑफिसात माणसं कामाच्या दिवशी, दिवसा. खरेदीला गर्दी संध्याकाळी आणि सुट्टीला. हॉटेलात मुक्काम रात्रीचा. म्हणजे जागा एकच, पण ती रिकामी पडून राहत नाही.

२. गिऱ्हाईक फिरतं ठेवलं
जपानी दुकानदारीत दोन छान शब्द आहेत: कारंजं आणि शॉवर. तळघरात खाण्याचे पदार्थ ठेवले की लोक त्यासाठी येतात आणि वर चढत जातात, हे झालं कारंजं. वर रेस्टॉरंट किंवा गॅलरी असली की लोक आधी वर जातात आणि उतरताना खरेदी करतात, हा झाला शॉवर. हारुकासमध्ये दोन्हींची सोय आहे.

३. गर्दी आधीच होती
हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. ही इमारत किन्तेत्सु या रेल्वे कंपनीची, आणि उभी आहे तिच्याच स्टेशनवर. ही युक्ती जुनीच आहे. ओसाकातच हांक्यू रेल्वेने १९२९ मध्ये उमेदा स्टेशनवर डिपार्टमेंट स्टोअर काढलं होतं. प्रवासी येणारच होते, फक्त त्यांना थांबायला कारण दिलं.

तुम्ही म्हणाल, “सर, आमच्याकडे कुठं रेल्वे आहे?” बरोबर. पण पिठाची गिरणी घ्या. दळण टाकून बाई दहा मिनिटं थांबतेच. तिथंच मसाला कांडप असेल, काउंटरवर पापड-कुरडया असतील, तर तिची एक फेरी दोन कामांची होते. त्याच गिरणीत मोबाइलची कव्हरं ठेवली तर? माल अडकेल. तीन धंदे म्हणजे तीन खर्चही असतात, हे विसरू नका. एकाचं गिऱ्हाईक दुसऱ्याला उपयोगी पडत नसेल, तर ती नुसती खिचडी.

गाळा पक्का करण्याआधी एका कागदावर उत्तरं लिहा:

- इथं लोक माझ्याशिवायही कशासाठी येतात?
- दिवसाचे कोणते तास दुकान रिकामं राहील?
- त्या तासांत, त्याच जागेत, त्याच सामानात दुसरं काय विकता येईल?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कोरं राहिलं तर टोकन देऊ नका. दुसरी जागा बघा. भाडं थोडं जास्त असलं तरी चालेल, पण येणारी-जाणारी माणसं हवीत.

तुमची तीन उत्तरं व्हिडिओखाली नक्की लिहा. भेटूया पुढच्या भागात!