आधी सोयरीक, मग सौदा

२००२ साली कन्सोलच्या धंद्यात दोन खरेद्या झाल्या. मे महिन्यात निन्टेंडोने टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरातला रेट्रो स्टुडिओज पूर्णपणे आपल्या ताब्यात घेतला. संस्थापकाच्या वाट्याच्या शेअर्ससाठी तिने १० लाख डॉलर मोजले. सप्टेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने इंग्लंडमधल्या ट्वायक्रॉस गावचा रेअर हा स्टुडिओ ३७ कोटी ५० लाख डॉलरना विकत घेतला. रेअरमध्ये निन्टेंडोचा ४९ टक्के वाटा होता. तो विकून निन्टेंडो बाजूला झाली.

त्या वेळी कुणालाही विचारलं असतं, तर त्याने मायक्रोसॉफ्टच्या पारड्यात मत टाकलं असतं. रेअर म्हणजे टिम आणि ख्रिस स्टॅम्पर या भावांचा स्टुडिओ. १९९४चा ‘डाँकी काँग कंट्री’, १९९७चा ‘गोल्डनआय ००७’, १९९८चा ‘बॅन्जो-कझूई’, २०००चा ‘परफेक्ट डार्क’ अशी त्याची ओळीने कामगिरी. उलट रेट्रोचा तोवर एकही गेम बाजारात आलेला नव्हता. चार-पाच प्रकल्प एकाच वेळी हातात घेऊन तो स्टुडिओ गोंधळला होता आणि निन्टेंडोने ते एकेक करून बंद करायला लावले होते. निन्टेंडोचे गेम-रचनाकार शिगेरू मियामोतो यांनी तिथल्या कामाची पाहणी केली आणि एका कच्च्या प्रकल्पाच्या जागी निन्टेंडोच्या ‘मेट्रॉइड’ मालिकेतला गेम करायला सुचवलं. नोव्हेंबर २००२मध्ये ‘मेट्रॉइड प्राइम’ आला. गेमच्या इतिहासातल्या सर्वोत्तम कामांच्या यादीत तो आजही हमखास असतो.

रेअरचा मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवरचा पहिला गेम २००३मध्ये आला, ‘ग्रॅब्ड बाय द गूलीज’. तो फारसा चालला नाही. स्टॅम्पर बंधू २००७ उजाडता उजाडता कंपनी सोडून गेले. डाँकी काँगचे हक्क निन्टेंडोकडेच राहिले होते, त्यामुळे ‘डाँकी काँग कंट्री’ मालिकेचा पुढचा गेम, २०१०चा ‘डाँकी काँग कंट्री रिटर्न्स’, बनवला तो रेट्रोने.

मायक्रोसॉफ्टच्या हाती नेमकं काय लागलं होतं? ‘गोल्डनआय’चं नेतृत्व करणारे मार्टिन हॉलिस १९९८मध्येच रेअर सोडून गेले होते. त्या चमूतल्या डेव्हिड डोक, स्टीव्ह एलिस यांनी १९९९मध्ये नॉटिंगहॅमला फ्री रॅडिकल डिझाइन हा नवा स्टुडिओ काढला. म्हणजे ज्या गेमच्या पुण्याईवर रेअरची किंमत ठरली, तो करणाऱ्यांपैकी कित्येक जण सौद्याच्या तीन वर्षं आधीच दाराबाहेर पडलेले होते. मागे राहिलेल्यांचे हात निन्टेंडोच्या यंत्रावर बसलेले होते आणि मियामोतोंच्या कानपिचक्यांची त्यांना सवय होती. त्यांना एकदम वेगळं यंत्र, वेगळे मालक आणि वेगळा प्रेक्षक मिळाला. रेअर पुन्हा खऱ्या अर्थाने उभा राहिला तो २०१८च्या ‘सी ऑफ थीव्ज’मुळे, खरेदीनंतर सोळा वर्षांनी.

कन्सोल कंपनीने कोणता स्टुडिओ विकत घ्यावा, हा प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी नव्याने चर्चेला येतो. सेगा घ्या, कॅपकॉम घ्या, स्क्वेअर एनिक्स घ्या, अशा याद्या निघतात. या याद्यांचा पाया असतो गेमची नावं. पण गेल्या तीस वर्षांतले सौदे बारकाईने पाहिले, तर यश ठरवणारी गोष्ट वेगळीच दिसते. खरेदीच्या आधी दोघांनी किती वर्षं एकत्र काम केलं होतं आणि खरेदीनंतर मालकाने किती वर्षं कळ काढली, यावर सारं अवलंबून असतं.

आधी यामागचं अर्थकारण. कन्सोलच्या डब्यावर कंपन्या फारसं कमवत नाहीत, कित्येकदा सुरुवातीला तोटाच सोसतात. पैसा मिळतो तो त्या यंत्रावर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेमच्या किमतीतल्या, साधारण ३० टक्क्यांच्या, वाट्यातून. लोकांनी आपलाच डबा घरी न्यावा म्हणून दुसरीकडे न मिळणारा गेम हवा आणि तो खात्रीने हवा असेल तर तो करणारा स्टुडिओ आपला हवा. १९९९मध्ये ॲपलच्या स्टीव्ह जॉब्ज यांनी मॅकवर्ल्ड प्रदर्शनाच्या मंचावरून बंजी या स्टुडिओचा ‘हेलो’ दाखवला होता. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने बंजी घेतला आणि १५ नोव्हेंबर २००१ रोजी एक्सबॉक्स दुकानात आला, तो ‘हेलो’ सोबत घेऊन. तो गेम नसता तर एक्सबॉक्सला एवढा चांगला पाय रोवता आला नसता.

ही खरेदी तर जुन्या ओळखीशिवाय झाली होती आणि तरी ती फळली. मात्र तिचा उत्तरार्धही सांगायला हवा. २००७मध्ये बंजी मायक्रोसॉफ्टपासून वेगळा होऊन स्वतंत्र झाला. ‘हेलो’ हे नाव मायक्रोसॉफ्टकडे राहिलं आणि ते घडवणाऱ्यांपैकी बहुतेक जण निघून गेले. चौदा वर्षांनी, जानेवारी २०२२मध्ये, सोनीने त्याच बंजीसाठी ३.६ अब्ज डॉलरचा सौदा जाहीर केला. त्यातली सुमारे एक तृतीयांश रक्कम कर्मचाऱ्यांनी टिकून राहावं म्हणून बाजूला ठेवली होती. एवढं करूनही २०२३च्या ऑक्टोबरमध्ये तिथे नोकरकपात झाली आणि जुलै २०२४मध्ये आणखी २२० जणांना काढलं, म्हणजे मनुष्यबळाच्या सुमारे १७ टक्के लोकांना. माणसांना थांबवण्यासाठी एक अब्जाहून अधिक डॉलर राखून ठेवायचे आणि अडीच वर्षांत त्यांनाच घरी पाठवायचं, हा व्यवहार कोणत्याही हिशेबात बसत नाही.

सोनीचे जुने सौदे मात्र अभ्यासण्यासारखे आहेत. अँडी गॅव्हिन आणि जेसन रुबिन यांचा नॉटी डॉग हा स्टुडिओ १९९६पासून प्लेस्टेशनसाठी ‘क्रॅश बँडिकूट’ करत होता. सोनीने तो विकत घेतला २००१मध्ये. हे दोन्ही संस्थापक काही वर्षांत बाहेर पडले, पण तोवर पुढची फळी तयार झाली होती. ‘अनचार्टेड’ आला २००७मध्ये आणि ‘द लास्ट ऑफ अस’ २०१३मध्ये. ॲमस्टरडॅमच्या गेरिला गेम्सची कथा तर धीराची आहे. सोनीने तो २००५च्या अखेरीस घेतला. ‘किलझोन’ मालिका दिसायला देखणी होती, पण तिने जग हलवलं नाही. दुसऱ्या एखाद्या मालकाने सात-आठ वर्षांत कुलूप ठोकलं असतं. सोनी थांबली आणि २०१७मध्ये, खरेदीनंतर अकराहून अधिक वर्षांनी, ‘होरायझन झीरो डॉन’ आला. या काळात तिथे डेसिमा हे गेम इंजिनही तयार झालं. कोनामीतून बाहेर पडलेल्या हिदेओ कोजिमा यांनी आपल्या ‘डेथ स्ट्रँडिंग’साठी तेच इंजिन निवडलं.

पण सगळ्यांत नेटका सौदा इन्सॉम्नियाकचा. टेड प्राइस यांनी १९९४मध्ये काढलेला हा स्टुडिओ पहिल्या गेमपासून, १९९६च्या ‘डिसरप्टर’पासून, प्लेस्टेशनसाठी काम करत होता. युनिव्हर्सलच्या आवारात नॉटी डॉग आणि इन्सॉम्नियाक शेजारी शेजारी बसत आणि दोघांच्याही मागे मार्क सर्नी हे निर्माते होते. पुढे हेच सर्नी प्लेस्टेशन ४चे मुख्य रचनाकार झाले. ‘स्पायरो’, ‘रॅचेट अँड क्लँक’, ‘रेझिस्टन्स’ असं वीस वर्षांहून अधिक काळ काम चाललं. मधे २०१४मध्ये इन्सॉम्नियाकने मायक्रोसॉफ्टसाठी ‘सनसेट ओव्हरड्राइव्ह’ही केला, तरी सोनीने नातं तोडलं नाही. २०१८मध्ये ‘स्पायडर-मॅन’ने विक्रीचा धडाका लावला आणि ऑगस्ट २०१९मध्ये सोनीने २२ कोटी ९० लाख डॉलरना स्टुडिओ घेतला. बंजीच्या किमतीच्या पंधराव्या हिश्श्याहून कमी पैशांत!

तीच सोनी एप्रिल २०२३मध्ये फायरवॉक हा स्टुडिओ घेते, ज्याचा एकही गेम अजून बाहेर आलेला नाही. त्याचा ‘काँकॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ रोजी येतो, ६ सप्टेंबरला बंद होतो, गिऱ्हाइकांचे पैसे परत केले जातात आणि ऑक्टोबरअखेर स्टुडिओलाही टाळं लागतं. रेट्रोच्याही नावावर गेम नव्हता हे खरं. पण त्याचा उरलेला वाटा निन्टेंडोने १० लाख डॉलरना घेतला होता आणि मियामोतो जातीने लक्ष घालत होते.

निन्टेंडोची रीत या धंद्यात सगळ्यांत सावध आहे. १९९२च्या सुमारास एचएएल लॅबोरेटरी ही गेम करणारी कंपनी कर्जात बुडाली, तेव्हा निन्टेंडोचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी मदतीसाठी एकच अट घातली, असं सांगतात: सातोरू इवाता या तरुण प्रोग्रॅमरला प्रमुख करा. इवातांनी कंपनी सावरली. एचएएल आजही स्वतंत्र आहे, ‘कर्बी’ आजही तीच करते आणि इवाता २००२च्या त्याच मे महिन्यात निन्टेंडोचे अध्यक्ष झाले. २००७मध्ये निन्टेंडोने नाम्को बँडाईकडून मोनोलिथ सॉफ्टचा बहुसंख्य वाटा घेतला. तेत्सुया ताकाहाशी यांच्या या चमूने ‘झेनोब्लेड’ दिलाच, शिवाय २०१७च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’साठीही मोठा हातभार लावला. व्हँकुव्हरच्या नेक्स्ट लेव्हल गेम्ससोबत निन्टेंडो २००५पासून काम करत होती. ‘लुइजीज मॅन्शन ३’ गाजल्यावर, २०२१मध्ये, त्याच्या मालकांनी वाटा विकायचं ठरवलं, तेव्हा कुठे तिने तो घेतला.

मायक्रोसॉफ्टने याच काळात उलटी वाट धरली. २०२०मध्ये झेनिमॅक्ससाठी ७.५ अब्ज डॉलर, २०२२मध्ये ॲक्टिव्हिजन ब्लिझार्डसाठी ६८.७ अब्ज. दुसरा सौदा अमेरिका आणि ब्रिटनच्या नियामकांशी झगडत १३ ऑक्टोबर २०२३ रोजी पूर्ण झाला. मे २०२४मध्ये कंपनीने झेनिमॅक्ससोबत आलेले आर्केन ऑस्टिन आणि टोकियोचा टँगो गेमवर्क्स हे स्टुडिओ बंद करत असल्याचं जाहीर केलं. आर्केन ऑस्टिनने २०१७मध्ये ‘प्रे’सारखा विचारी गेम केला होता. त्यानंतरचा ‘रेडफॉल’ पूर्ण होईपर्यंत त्या चमूतले बहुतेक जण सोडून गेले होते, असं वृत्त ब्लूमबर्गने दिलं होतं. टँगोने तर वर्षभरापूर्वीच ‘हाय-फाय रश’ देऊन सगळ्यांची वाहवा मिळवली होती. दक्षिण कोरियाच्या क्राफ्टनने तो चमू उचलला म्हणून तो वाचला. ज्या मालकाकडे इतके स्टुडिओ जमतात की पुरस्कार मिळवणाऱ्यालाही जागा उरत नाही, त्याची खरेदीची भूक आजारपणाचीच म्हणायला हवी. ही घोषणा होण्याआधीच, २०२४च्या एप्रिलमध्ये, रेअरचा ‘सी ऑफ थीव्ज’ प्लेस्टेशनवर आला. दुसरीकडे न मिळणारा गेम हवा म्हणून स्टुडिओ घ्यायचा, या मूळ कारणालाच मायक्रोसॉफ्टने हात लावला.

मग आज कुणाचा विचार व्हावा?

सोनीच्या चाहत्यांच्या यादीत पहिलं नाव असतं फ्रॉमसॉफ्टवेअरचं. ओळख जुनी आहे: २००९चा ‘डीमन्स सोल्स’ आणि २०१५चा ‘ब्लडबोर्न’ दोन्ही सोनीसोबतचे. २०२२मध्ये सोनीने स्टुडिओत १४ टक्क्यांहून थोडा अधिक वाटा घेतला आणि जानेवारी २०२५मध्ये त्याच्या पालक कंपनीत, कादोकावात, सुमारे १० टक्क्यांपर्यंत जाऊन ती सर्वांत मोठी भागधारक झाली. मात्र इथेच थांबावं. हिदेताका मियाझाकी यांचा ‘एल्डन रिंग’ अनेक यंत्रांवर आला म्हणूनच इतका पसरला आणि ‘द डस्कब्लड्स’ तर निन्टेंडोसाठी जाहीर झालेला आहे. हा स्टुडिओ एका कुंपणात घातला तर खेळणाऱ्यांचं नुकसान आणि मालकाचा फायदाही बेताचाच. कोजिमा प्रॉडक्शन्सचंही तेच: संस्थापकाच्या नावाने चालणारं घर संस्थापकाची मर्जी असेपर्यंतच चालतं.

स्टॉकहोमच्या अ‍ॅरोहेडचा दावा अधिक भक्कम आहे. ‘हेलडायव्हर्स’चे दोन्ही गेम सोनीने प्रकाशित केले आणि दुसऱ्याच्या पहिल्या बारा आठवड्यांत १ कोटी २० लाख प्रती खपल्या. पण मे २०२४मध्ये पीसीवर खेळणाऱ्यांना प्लेस्टेशनचं खातं सक्तीचं करण्याचा घाट सोनीने घातला, खेळाडू खवळले आणि काही दिवसांत माघार घ्यावी लागली. या नात्यात विश्वासाची डागडुजी आधी हवी, सौदा नंतर.

अशा नात्यांची सुरुवात कुठून होते, हे पाहायला पुण्यात यावं. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या स्टुडिओने ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ केला. तो ऑगस्ट २०२०मध्ये सर्वांत आधी निन्टेंडो स्विचवर आला. सोनीने २०२३मध्ये ‘इंडिया हीरो प्रोजेक्ट’ जाहीर करून भारतीय स्टुडिओंना पैसा आणि मार्गदर्शन देऊ केलं. पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंना आज खरेदीदार नको आहे. दुसरा आणि तिसरा गेम करायला मिळेल असा प्रकाशक हवा आहे. नेक्स्ट लेव्हलला तो सोळा वर्षं मिळाला होता.

आणि जुन्या सोयरिकीच्या कसोटीवर आज सर्वांत सरळ उतरतो तो फ्रान्समधल्या बोर्दोचा असोबो. २००२मध्ये सुरू झालेल्या या स्टुडिओने मायक्रोसॉफ्टच्या काइनेक्ट या हालचाली टिपणाऱ्या कॅमेऱ्यासाठी गेम केला, होलोलेन्स या चष्म्यासाठी प्रयोग केले आणि २०२०चा ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’ उभा केला. मायक्रोसॉफ्टच्याच बिंगचे नकाशे आणि अझुरचं क्लाउड वापरून अख्खी पृथ्वी त्यात बसवली; २०२४मध्ये पुढची आवृत्ती दिली. हे काम मायक्रोसॉफ्टशिवाय होऊच शकत नव्हतं आणि असोबोशिवाय मायक्रोसॉफ्टलाही ते जमलं नसतं. शिवाय ‘अ प्लेग टेल’सारखी स्वतःची मालिका या चमूने दुसऱ्या प्रकाशकासोबत उभी केली आहे, म्हणजे तो एकाच कामावर तगलेला नाही. मायक्रोसॉफ्टला एकच स्टुडिओ घ्यायचा असेल तर तो हा. मात्र गेरिलाला सोनीने दिली तशी अकरा वर्षं द्यायची तयारी नसेल, तर तिने हाही घेऊ नये.